बिनमुळांचा ओंडका

ताउनो कांगासने त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात नीटनेटकं काम केलं आणि सकाळी दहाच्या आत लेकीच्या दोन वर्षांच्या खटपटीची वाट लावली.

झालं असं, की ओढ्यात टाकायची दहा झाडं चार दिवसांपासून त्याच्या घरामागच्या माळावर येऊन पडली होती. फर आणि स्प्रूस, दोन्ही उंच सूचीपर्णी. तोडलेली नव्हे, पोकलेनने मुळासकट उपटलेली. एकेका झाडाच्या बुडाशी छोट्या खोलीएवढा मुळांचा गड्डा, त्यात माती, दगड, आणि वर सगळ्या फांद्या तशाच. ताउनोला खिडकीतून ते बघवेना. त्याने पन्नास वर्षं जंगलात लाकूडतोड केली होती. झाड पडलं की फांद्या तासायच्या, बुडखा कापून टाकायचा, ट्रकच्या मापाने चाळीस-चाळीस फुटांचे तुकडे करायचे आणि टोकांवर न पुसणाऱ्या मेणखडूने माप लिहायचं, ही त्याची रीत. फांद्या न तासता झाड माळावर टाकून घरी गेलेल्या माणसाला या खोऱ्यात दुसऱ्या दिवशी कुणी कामावर घेत नसे.

लेक बिचारी एकटी कुठे कुठे पुरणार, असं त्याच्या मनात आलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघे बोलत असले तरी हात अजून शिवशिवत होते. उजाडताच त्याने करवतीत पेट्रोल भरलं, साखळीला धार लावली आणि कामाला लागला. दहा वाजेपर्यंत सहा झाडं अशी लख्ख झाली होती, की आरागिरणीच्या मुकादमाने पाठ थोपटली असती. मुळांचे गड्डे त्याने ट्रॅक्टरने ओढून बाजूला ओळीत ठेवले होते, तेही मोठ्यापासून लहानापर्यंत.

ऐलीची गाडी आली तेव्हा तो सातव्या झाडाला हात घालत होता. तिच्यामागून डेलचा ट्रक आला. हा डेल पोकलेन चालवायचा. नदीच्या मुखाशी या देशातल्या मूळ लोकांची वस्ती आहे, तिथला. ऐली गाडीतून उतरली आणि दार लावायचंच विसरली.

"बाबा, हे काय केलंस?"

"साफ केली," ताउनो म्हणाला. "चार उरलीत, दुपारपर्यंत तीही होतील. तुझ्या माणसांना कामाचं वळण लावलेलं दिसत नाही कुणी."

ऐली जवळच्या ओंडक्यावर मट्कन बसली. तिच्या पायाशी खडूने लिहिलेलं होतं, चाळीस फूट. ते तिने वाचलं आणि चेहरा दोन्ही हातांत धरला. डेलने टोपी काढली, परत घातली, आणि खोकल्याचं निमित्त करून पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

"काका," शेवटी तो म्हणाला, "माल एक नंबर आहे. पण मासे फळ्या विकत घेत नाहीत हो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मुळंच तर पाहिजे होती, बाबा!" ऐली म्हणाली. "पुरात ओंडका मुळांनीच तळ धरून राहतो. तो अडतो, त्याला बाकीचं लाकूड अडतं, खाली डोह होतो, डोहात मासे थांबतात. गुळगुळीत ओंडका म्हणजे काय? पहिल्या पुरात समुद्रात. त्याच्याही आधी आर्मसकाकाच्या कुरणात."

ताउनोने करवत बंद केली. तोपर्यंत ती हळूहळू फटफटतच होती.

त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं. ऐलीला वाटलं होतं की बाबाला माहीत असेल. बाबाला वाटलं होतं की विचारायचं काय त्यात. बापलेकीत असं चालतच आलं होतं. पण आर्मसचं नाव निघालं आणि ताउनोने करवत खाली ठेवली, कारण आर्मसची अट त्याच्यासमोरच, त्याच्याच स्वयंपाकघरात ठरली होती.

आर्मस हा खालच्या अंगाचा शेजारी. ओढा ताउनोच्या जमिनीतून उतरून त्याच्या कुरणात शिरतो, आणि तिथेच त्याला सपाटी मिळते, वळणं मिळतात. कोहो जातीच्या सॅमन माशांना अंडी घालायला हवी तशी जागा सगळ्या ओढ्यात तेवढीच. ताउनोच्या जमिनीवरचं काम ही नुसती सुरुवात होती. आर्मसने परवानगीच्या कागदावर सही दिली तरच पुढे अर्थ होता. आणि सही म्हणजे फक्त ओढ्यात लाकूड नव्हे. काठावर देवदार आणि स्प्रूसची रोपं, वाळुंजाच्या काड्या लावायच्या, आणि त्यासाठी कुंपण तीस फूट मागे घ्यायचं. हे कुंपण आर्मसच्या बापाने ऐन काठावर ठोकलेलं. त्यातली एक वीत सोडायची म्हटलं की आर्मसचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी त्याच्या ताटातला मासाच उचलतंय. तरीही ऐलीने वर्षभर त्याच्याकडे चकरा मारल्या होत्या, दर वेळी वेलदोड्याचा गोड पाव भाजून घेऊन. शेवटी तो म्हणाला होता:

"एक हिवाळा बघतो. तुझ्या बापाकडचा एकही ओंडका माझ्या कुरणात आला नाही, तर सही करतो. एक जरी आला, तर ऐली, पाव आण, कागद आणू नकोस."

त्यांनी हात मिळवले होते. या खोऱ्यात हात मिळवला म्हणजे झालं. मग कागद फक्त कचेरीसाठी.

आता सप्टेंबरची सोळा तारीख होती. महिनाअखेरीनंतर मासे समुद्रातून वर चढायला लागतात म्हणून पाण्यात यंत्र उतरवायला बंदी. ही दहा झाडं मिळवायला ऐलीला दोन वर्षं लागली होती. दुसरी सहा चौदा दिवसांत कुठून येणार?

ऐली रागावली असती तर ताउनोला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. फोन काढून लोकांना विचारत बसली आणि प्रत्येक फोननंतर "नाही, ठीक आहे" म्हणत राहिली. ताउनो घरात गेला, कॉफी ठेवली, ती उतू गेली, पुन्हा ठेवली. मग त्याने दोघांना आत बोलावलं.

"एक सांगायचं आहे," तो म्हणाला. "हा ओढा आधी असा नव्हता."

"माहीत आहे," ऐली म्हणाली. "चौऱ्याहत्तर साली सरकारने साफ करून घेतला. लाकडाने माशांची वाट अडते असं तेव्हा वाटायचं. माझ्या फाइलीत आहे ते."

"फाइलीत नावं आहेत?"

"नाहीत."

"मी आणि आर्मस," ताउनो म्हणाला. "बुलडोझर माझा, तारा त्याच्या. लाकडांचे अकरा गुंते काढले आम्ही दोन उन्हाळ्यांत. घराएवढे होते काही. साहेब लोक आले, म्हणाले, लाकूड काढा, मासे येतील. आम्ही काढलं. मासे गेले. मग आम्ही म्हणालो, समुद्रातच काहीतरी बिघडलं असणार."

डेलने कप खाली ठेवला.

"माझी आजी सांगायची," तो म्हणाला, "एका वर्षी वरून इतकं लाकूड वाहत आलं, की आमच्या जाळ्यांच्या चिंध्या झाल्या. तिला वाटायचं वर कुणीतरी वेडं झालंय."

"दोन होते," ताउनो म्हणाला.

ऐली बापाकडे बघत होती. तिला पंचेचाळीस वर्षांत हे कधी सांगितलं गेलं नव्हतं. तिने या ओढ्यासाठी, ओढ्यांत मासे परत आणणाऱ्या कचेरीत नोकरी धरली होती, याच ओढ्यासाठी शहर सोडून परत आली होती, आणि दर शनिवारी याच माणसाबरोबर याच टेबलाशी जेवत होती. तिच्या तोंडावर बरंच काही येऊन गेलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मग आता काय?"

"आता ऐक," ताउनो म्हणाला. "गुंता कितीही मोठा असू दे, त्याला एक ओंडका किल्लीचा असतो. तो ओढला की बाकीचे आपसूक सुटतात. तो हुडकायचं काम माझं होतं. मला विचारशील तर अकराच्या अकरा कुठे होते, आणि कुठला ओंडका कशाला टेकला होता, हे मी अजून डोळे मिटून सांगेन. तुमची चार मुळंवाली झाडं किल्लीला लावू. माझी सहा त्यांच्यामागे, उभ्या झाडांच्या बेचक्यात ठोकून बसवू. नदी तेच करत होती."

डेल ऐलीकडे बघून म्हणाला, "इंजिनियरच्या नकाशापेक्षा बरं वाटतंय."

पुढचे बारा दिवस ताउनो ओढ्यात काठी टेकत उभा राहिला आणि पोकलेनला इशारे करत राहिला. डावीकडे, अजून डावीकडे, आता दाब. डेल मान डोलवायचा आणि चाळीस फुटांहून लांब झाड सुईत दोरा ओवावा तसं दोन मेपलच्या मधून ओवायचा. कापलेले मुळांचे गड्डेही वाया गेले नाहीत. ते काठात पुरून त्यांच्यावर ओंडक्यांची टोकं दाबली. अठ्ठावीस तारखेला तीन गुंते उभे होते. ऐलीने नकाशा दुरुस्त करून कचेरीतून मंजुरीही आणली. बापाशी ती कामापुरतं बोलत होती, पण बोलत होती.

तिसरा गुंता आर्मसच्या हद्दीपासून जवळ. मुळंवालं झाड तिथे एकच उरलं होतं. सहातला सगळ्यात जाडजूड ओंडका दोन अल्डरच्या मधे अडकवावा लागला. अल्डर म्हणजे कच्चं झाड, वरवरच्या मुळांचं, हे ताउनोला पुरतं ठाऊक होतं. पण तिथे दुसरं झाड नव्हतं. तिथली मोठी झाडं त्यानेच कधीतरी तोडली होती. काठावर गेल्या हिवाळ्यात लावलेले देवदार होते, गुडघ्याएवढे, हरणांनी खाऊ नयेत म्हणून प्लास्टिकच्या नळ्यांत उभे. ते ओंडका धरण्याजोगे व्हायला ऐंशी वर्षं लागणार होती.

"धरेल?" ऐलीने विचारलं.

"धरेल," ताउनो म्हणाला. त्याला खात्री नव्हती, आणि ते त्याने सांगितलं नाही.

पाऊस नोव्हेंबरात आला, आणि आला तो चार दिवस थांबलाच नाही. ओढा चहाच्या रंगाचा झाला, मग नुसता चिखलाच्या रंगाचा. पाचव्या दिवशी सकाळी उघडलं तसा ताउनो रबरी बूट चढवून खाली गेला. पहिला गुंता जागेवर होता, एवढंच नव्हे, त्याने वरून आलेली दोन झाडं धरून ठेवली होती. दुसराही शाबूत. तिसऱ्याशी पोहोचला तेव्हा दोनपैकी एक अल्डर तिथे नव्हता, आणि ओंडकाही नव्हता. मुळंवालं झाड मात्र पाय रोवून उभं होतं.

घरी आला तेव्हा फोन वाजत होता.

"तुझा पाहुणा आलाय माझ्याकडे," आर्मस म्हणाला.

"कुठे?"

"जुन्या वळणावर. कुंपणाचे चार खांब खाल्ले त्याने. टोकाला चाळीस फूट लिहिलेलं आहे अजून, म्हणून म्हटलं तुझाच. एवढं सुंदर अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही."

"आर्मस, ऐक. मी आत्ता येतो करवत घेऊन. तासाभरात तुकडे करून बाहेर काढतो. तो आलाच नव्हता असं समज."

"ऐलीला माहीत आहे?"

"ऐली शहरात गेलीय. तिला काही सांगू नकोस."

"ये," आर्मस म्हणाला. "बघू. कॉफी आणतो."

या दिवसांत पाण्यात करवत चालवणं म्हणजे गुन्हा, आणि कुणाला कळलं तर ऐलीची नोकरी जाणार, हे ताउनोला माहीत नव्हतं असं नाही. पण ओंडका तिथे राहिला तर सही जाणार, आणि तो ओंडका गुळगुळीत होता तो त्याच्या हातांमुळे. एकदा बिघडवलेलं निदान एकदा तरी आपल्या हाताने निस्तरावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने करवत गाडीत टाकली आणि निघाला.

आर्मस वळणावर उभा होता, थर्मास बगलेत, टोपी कपाळापर्यंत ओढलेली. ओंडका ओढ्यात आडवा पडला होता. जाड टोक या काठात घुसलेलं, दुसरं पलीकडच्या मोठ्या दगडामागे. त्याच्या पोटाशी फांद्या, पाला, आर्मसचे कुंपणाचे खांब आणि तारेचं एक भेंडोळं येऊन साचलं होतं. काठ दोन हात खचला होता.

"बघ," आर्मस म्हणाला. "माझ्या बापाने ठोकलेले खांब. पन्नास पूर पाहिले त्यांनी."

"नवे ठोकून देतो."

"ठोकशीलच."

ताउनो ओंडक्यावर चढला. गुडघ्यांनी कुरकुर केली. मधोमध जाऊन त्याने पाय फाकवले, करवत मांडीशी धरली, ती सुरू करायच्या दोरीला हात घातला. आधी कुठे कापायचं ते बघावं म्हणून खाली वाकला.

ओंडक्याखाली डोह झाला होता, छातीभर खोल. चार दिवसांत. पाणी निवळत होतं. डोहाच्या खालच्या तोंडाशी, जिथे आर्मसच्या कुरणाचा गाळ चाळीस वर्षं साचून होता, तिथे धुतलेली गोट्यांची खडी पसरली होती. सुपारीएवढे, लिंबाएवढे गोटे. आणि त्या खडीत काहीतरी लाल हललं.

त्याने दोरी सोडली.

"काय झालं?" आर्मसने विचारलं. "सुरू होत नाही का?"

"इकडे ये."

"मी नाही चढत. माझी कंबर..."

"आर्मस, गप इकडे ये."

आर्मस शिव्या देत चढला आणि थर्मास घट्ट धरून रांगत रांगत त्याच्याशेजारी आला. दोघे पोटावर आडवे झाले आणि खाली बघू लागले.

मादी कुशीवर वळून शेपटी आपटत होती. प्रत्येक फटक्याला गोटे उडत, गाळाचा ढग उठे आणि प्रवाह तो घेऊन जाई. ती थांबे, सरळ होई, खड्ड्यावर येऊन माप घेई, आणि पुन्हा आपटे. बाजूला एक नर, अंगाने लालभडक, वाकड्या जबड्याचा, दुसऱ्या नराला हुसकावत होता. मागे डोहात, ओंडक्याच्या सावलीत, बाकीचे ओळीने थांबले होते. त्यांची तोंडं प्रवाहाकडे होती आणि कुणाला घाई नव्हती.

"किती आहेत?" आर्मस कुजबुजला.

"सात."

"आठ."

"सात, आर्मस."

"त्या फांदीखाली बघ, आंधळ्या. आठ."

आठच होते. ताउनोने पुन्हा मोजले आणि मग त्याला मोजता येईना, कारण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. त्याला रडू आलं होतं. ते त्याने लपवलं नाही. लपवायला जागाही नव्हती, आर्मस वीतभर अंतरावर होता. लाज वाटत होती आणि आनंद होत होता, दोन्ही एकदम, आणि दोन्ही सहन होत नव्हतं.

"इथे होता एक," तो म्हणाला. "चौऱ्याहत्तर साली. याच वळणावर. आठवतं?"

"नववा," आर्मस म्हणाला. "तार दोनदा तुटली होती. तिसऱ्यांदा निघाला." तो खाली बघतच होता. "त्याच्याखाली मासे होते, ताउनो. ओंडका निघाल्यावर पाणी उतरलं आणि ते खडीवर उड्या मारत होते. मी तुला सांगितलं नाही. वाटलं, वर येतीलच दुसरे."

"मीही पाहिले होते," ताउनो म्हणाला.

एवढ्या वर्षांत हे दोघे किती वेळा एका टेबलाशी बसले, किती कॉफी प्यायले, एकमेकांच्या बायकांच्या शवपेट्यांना खांदा दिला. पण हे बोलले नव्हते. खाली मादी आपटत राहिली. ओंडक्याचा ओलावा दोघांच्या सदऱ्यांतून पोटापर्यंत आला.

मग ताउनो उठून बसला. करवत त्याच्या मांडीवर होती आणि ती आता त्याला नकोशी झाली होती. लेकीला सगळं सांगायचं त्याने ठरवलं: ओंडका सुटला हे, आणि आपण तो कापायला आलो होतो हेही. सही जायची तर जाऊ दे. हा ओंडका आता त्याच्याने कापला जाणार नव्हता.

"आर्मस," तो म्हणाला, "अट तुझी खरी. ओंडका आलाय. मी नाही म्हणत नाही. पण हे मासे जाईपर्यंत तरी..."

"कसली अट?" आर्मस उठत म्हणाला. "आणि ती करवत आधी काठावर ठेव. पाण्यात पडेल आणि तेल सांडेल. अक्कल नाही तुला."

ताउनोने करवत काठावर ठेवली.

"ओंडका माझ्या कुरणात आलाय, म्हणजे माझा आहे," आर्मस म्हणाला. "त्याला कुणी हात लावायचा नाही. तू नाही, तुझ्या लेकीनेही नाही. तिला म्हणावं, कागद घेऊन ये. आणि पुढच्या उन्हाळ्याला याच्या वरच्या अंगाला अजून दोन पाहिजेत. मुळंवाले. तू तासलेले मी घेणार नाही."

"आणि कुंपण?"

आर्मसने थर्मासचं झाकण उघडलं, कॉफी ओतली, आणि काठावर खांब मोडले होते तिथून कुरणाच्या आत नजर नेली. तीस फूट. त्याने ते डोळ्यांनी दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा जास्त वेळ लागला.

"घेतो मागे," तो म्हणाला आणि कप ताउनोच्या हातात दिला. "सोमवारी ये खड्डे खणायला. पहार तुझी आण, माझी मोडलीय."